नळाला फुलं वाहणारं गाव

आजूबाजूच्या गावांना पाण्याचं बिल येतं ते सेव्हर्न ट्रेंट नावाच्या भल्यामोठ्या कंपनीकडून. आमच्याकडे तसं नाही. डर्बीशायरच्या डोंगरातल्या आमच्या यूलग्रेव्ह गावाची स्वतःची पाणी कंपनी आहे. हजारेक वस्तीचं गाव. झरा गावाचा, पाइप गावाचे आणि कारभार बघणारी माणसंही गावातलीच. ब्रिटनमध्ये अशी गावं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

आईला हे फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे पाणी रोज येतं ना गं?" आमचं मूळ गाव माण तालुक्यातलं. तिचा प्रश्न रास्तच होता.

दर जूनमध्ये, २४ तारखेला सेंट जॉनचा सण असतो, त्याच्या जवळच्या शनिवारी हे गाव आपल्या सार्वजनिक नळांवर फुलांच्या पाकळ्यांची मोठमोठी चित्रं उभी करतं. झरे आणि विहिरी अशा सजवायची रीत डर्बीशायरच्या बऱ्याच गावांत आहे, तिला वेल ड्रेसिंग म्हणतात. त्यात टिसिंग्टन हे मानाचं गाव. १३४९च्या प्लेगमध्ये आम्ही वाचलो ते झऱ्यांच्या शुद्ध पाण्यामुळे, असं तिथले लोक सांगतात. तिथलेच दुसरे म्हणतात, छे, १६१५च्या दुष्काळात झरे आटले नाहीत म्हणून ही प्रथा पडली. आमच्या गावाला दंतकथेची गरज पडत नाही. पाणी कोणत्या साली आलं ते ठाऊक आहे, ते कुणी मागितलं तेही ठाऊक आहे. त्या नळाच्या सजावटीत गेल्या उन्हाळ्यात मी हात घातला, त्याची ही हकीकत.

बोलावणं आलं ते कुंपणावरून. शेजारच्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "डक, तुझी नखं लहान आहेत. पाकळ्या लावायला येशील का?" इथे सगळे सगळ्यांना डक म्हणतात, पोस्टमनपासून डॉक्टरपर्यंत, त्यात लाडीगोडी काही नाही. पण नखं बघून माणूस निवडतात हे मला आवडलं. नखं लांब असली की ओल्या मातीत खळगे पडतात, हे पुढे कळलं.

कामाबद्दल सांगण्याआधी पाण्याची भानगड सांगायला हवी, नाहीतर या सगळ्या खटाटोपाला अर्थ नाही.

आमचं गाव उतारावर वसलंय आणि ब्रॅडफर्ड नदी खाली खोल दरीत वाहते. पाऊस वर्षभर. नव्या माणसाला वाटेल, इथे पाण्याला काय तोटा! पण खडक चुनखडीचा. पडलेलं पाणी भेगांतून थेट पोटात जातं आणि मन मानेल तिथे बाहेर पडतं. त्यात शिशाच्या खाणी. खाणींत साठणारं पाणी काढून द्यायला अठराव्या शतकात डोंगराखालून मैलोनमैल लांबीचे बोगदे खणले, त्यांना इकडे सफ म्हणतात. १८८१ मध्ये अख्खी ब्रॅडफर्ड नदी हिलकार सफ नावाच्या अशाच एका बोगद्यात उतरली आणि पार तिकडे डार्ली डेलला डरवेंट नदीत जाऊन निघाली. आमच्या गावाखालचं पात्र पुढे काही वर्षं कोरडं ठणठणीत होतं. हे ऐकल्यापासून मी त्या नदीकडे जरा संशयानेच बघते.

तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावातल्या बायका दरीत उतरून पाणी भरत आणि भरलेली भांडी घेऊन तो चढ चढत. तो चढ मी रिकाम्या हाताने चढते तेव्हाही मध्ये एकदा थांबते. नदीचं पाणी स्वच्छही नव्हतं, वरच्या अंगाला गुरं होती. गावात बायकांची एक फ्रेंडली सोसायटी होती. वर्गणी काढून अडीनडीला एकमेकींना आधार देणारी ही मंडळी, बचत गटाचीच पूर्वज म्हणा ना. त्यांनी पाण्याचा विषय लावून धरला. हॅना बोमन ही त्यांतली पुढारी. शेवटी दरीपलीकडच्या मॉस्टोनच्या बाजूला असलेल्या झऱ्याचं पाणी पाइपांतून गावात आणलं आणि १८२९ मध्ये गावाच्या मधोमध दगडी गोल टाकी बांधली. तिच्यात साधारण १५०० गॅलन पाणी मावायचं, म्हणजे ६८०० लिटर. आपल्याकडचा एक लहान टँकर. तिला नाव दिलं फाउंटन, पण कारंजं वगैरे काही नाही. जाडजूड, ठेंगणी, रस्त्याच्या मध्ये ठाण मांडून बसलेली टाकी आहे ती. गाड्या आजही तिला वळसा घालून जातात.

पाणी फुकट नव्हतं. घरटी वर्षाला सहा पेन्स, आणि नळाला कुलूप. किल्ली वॉटरकीपरकडे. तो सकाळी कुलूप काढणार, मग रांग. १८६९ मध्ये गावभर जागोजागी आणखी नळ बसले. पाणी आलं त्या १८२९ सालीच लोकांनी आनंदाने टाकी फुलांनी सजवली आणि तिथून ही प्रथा सुरू झाली. म्हणून आमच्याकडे सजतो तो देवाचा झरा नाही, चक्क नगरपालिकेच्या धाटणीचा नळ आहे. माझ्या मते हे टिसिंग्टनपेक्षा सरस आहे, पण ते तिथे जाऊन बोलायची सोय नाही.

प्रत्येक नळाचा गट वेगळा. फाउंटनचा वेगळा, होलीवेल लेनचा वेगळा, कोल्डवेल एंडचा वेगळा. गटागटांत चुरस असते, ती कुणी कबूल करत नाही इतकंच. दुसऱ्या गटाच्या शेडवरून जाताना मान वळवून आत बघायचं नाही हा अलिखित नियम. सगळे बघतात.

काम सुरू होतं ते नदीत. चित्र ज्यावर करायचं त्या फळ्या म्हणजे जाड लाकडी पाट, दाराएवढे, काही त्याहूनही मोठे. त्यांच्या तोंडावर शेकडो खिळे ठोकलेले असतात, अर्धे आत, अर्धे बाहेर, माती धरून ठेवायला. या फळ्या ब्रॅडफर्डमध्ये दगडांखाली दाबून काही दिवस बुडवून ठेवतात. लाकूड पाण्याने गच्च झालं पाहिजे, नाहीतर ते मातीतलं पाणी पिऊन टाकतं, माती तडकते आणि चित्र आठवडाभर टिकत नाही. फळ्या काढायला गेलो तेव्हा गुडघाभर पाण्यात उभी राहून मी एक टोक धरलं. जून महिना, पण पाणी असं की दोन मिनिटांत पावलं आपली राहिली नाहीत. त्याच डोहात थोडं पुढे शाळेतली पोरं शाळा सुटल्यावर उड्या मारत होती, ओरडत होती. या गावात पोहण्याचा तलाव म्हणजे नदीचा हा अडवलेला भाग; तिकीट नाही, लाइफगार्ड नाही, बदकं आहेत. भिजलेली फळी चौघांनाही हलेना. मग ट्रॅक्टर आला.

पुढचं काम मातीचं. चिकणमाती दर वर्षी नवी आणत नाहीत. गेल्या वर्षीची खरवडून पिंपात ठेवलेली असते, त्यात थोडी ताजी मिसळायची. पाणी घालायचं, आणि मीठ. मिठाने ओल धरून राहते. मग जुन्या बाथटबमध्ये ती ओतून रबरी बूट घालून तुडवायची. मी बूट काढले आणि अनवाणी उतरले. आमच्याकडे भिंतीला माती तुडवताना बूट घातलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि खडा लागला तर तो पायालाच कळतो. शेजारच्या बाईंनी भुवया उंचावल्या, काही बोलल्या नाहीत, आणि थोड्या वेळाने त्यांनीही बूट काढले. तुडवून माती लोण्यासारखी झाली की फळीवर थापायची, बोटाच्या पेराएवढा थर, आणि ओल्या लाकडी पट्टीने सपाट करायची. खिळा एकही दिसता कामा नये.

चित्राचं काम गटातल्या एका निवृत्त शिक्षकांकडे. विषय बहुधा बायबलमधला असतो. त्या वर्षीचा होता विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जिच्याकडे येशू पाणी मागतो तो प्रसंग. मोठ्या कागदावर खऱ्या मापाचं चित्र काढून त्यांनी भिंतीला लावलं आणि सगळ्यांना बोलावलं. छानच होतं. विहीर, खजुराचं झाड, पलीकडे टेकड्या. बाईच्या हातात मात्र भरलेला घडा होता आणि तो तिने दोन्ही हातांनी पोटापुढे धरला होता, कुणाला केक देतात तसा.

मी म्हटलं, "असं पाणी कुणी नेत नाही."

शेडमध्ये शांतता. इंग्लंडात पहिल्याच बैठकीत असं बोलायचं नसतं, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. पण तो घडा मला बघवेना. शिक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग कसं नेतात?" कोपऱ्यात पाण्याने भरलेली बादली होती. ती उचलून मी कमरेवर घेतली, डावा हात वरून टाकला, उजवा मोकळा सोडला आणि शेडमध्ये चालून दाखवलं. अंग उजवीकडे कलतं, डावं कोपर बाहेर येतं, मान आपोआप ताठ होते. "आणि अजून एक डोक्यावर असेल तर हा हात वर," असंही दाखवलं. दहावीपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी आम्ही अशीच काढली आहे. टँकर आला की पळायचं, आणि नाही आला तर वस्तीवरच्या विहिरीला जायचं.

गटातले सगळ्यांत वयस्कर आजोबा, नव्वदीच्या आसपासचे, बाकावरून म्हणाले की त्यांची आज्जी खांद्यावर लाकडी जू घेऊन दोन बाजूंना दोन बादल्या अडकवायची आणि तिच्या मानेला तिथे घट्टा पडला होता. मग शेडमध्ये अर्धा तास पाणी वाहण्यावरच चर्चा. शिक्षकांनी तिथल्या तिथे खोडरबर काढलं. बाई आता कमरेवर घडा घेऊन, कलून उभी राहिली. मला वाटतं, त्या एका वाकण्याने चित्रात जीव आला, पण मी पक्षपाती आहे.

कागद मातीवर पसरून रेघांवरून दाभणाने टोचत जायचं. कागद उचलला की मातीवर ठिपक्यांच्या ओळी राहतात. हे काम माझ्याकडे आलं. हात स्थिर आहे म्हणून, आणि दिवाळीत दारात रांगोळी काढताना बाईंनी मला कुंपणावरून पाहिलं होतं म्हणून. भोकं फार जवळ घेतली तर कागद फाटतो, लांब घेतली तर चेहरा बिघडतो. येशूच्या नाकावर मी बराच वेळ घालवला.

मग बाह्यरेषा. ठिपक्यांवरून अल्डर झाडाची सुकी काळी बोंडं एकाला एक चिकटून दाबत जायची. बोंडं वाटाण्याएवढी, शिवाय खडबडीत. ब्लॅक नॉब्स म्हणतात त्यांना. ती हिवाळ्यात नदीकाठी फिरून गोळा करून, सुकवून डब्यांत भरून ठेवलेली असतात. काही गट कॉफीच्या बिया वापरतात. आमच्या शेडमध्ये हा विषय काढू नये. आमच्या गटाचा नियम असा की जे काही लागेल ते निसर्गातलं आणि शक्यतो जवळपासचं. कॉफी डर्बीशायरात उगवत नाही. यावर मी म्हटलं की मीही उगवलेली नाही. सगळे हसले आणि नियम तसाच राहिला.

फुलं जमवण्यासाठी गाव पायाखाली घातलं, तेव्हा मला पहिल्यांदा हे गाव नीट दिसलं. इथे राहायला येऊन बरेच दिवस झाले होते, पण माझा रस्ता म्हणजे घर ते गाडी आणि गाडी ते मॅटलॉकचं ऑफिस. हातात टोपली असली की कुठलंही दार वाजवता येतं. चर्चशेजारच्या पबमधून लाल जिरॅनियम मिळाली. गावात पब तीन आहेत, हजार माणसांना तीन, आणि तिन्ही चालतात. डॉक्टरांच्या दवाखान्यात स्वागताला बसणाऱ्या बाईंनी आपल्या बागेतली पिओनी आणून ठेवली होती. गावात दवाखाना असणं ही इकडे मोठी चैन आहे. पलीकडच्या कित्येक खेड्यांना साध्या रक्ततपासणीसाठी बेकवेल गाठावं लागतं. शाळेच्या पोरांनी कुरणातली पिवळी बटरकप पिशव्या भरभरून आणली. निळा रंग ही सगळ्यांची डोकेदुखी. निळ्याला लागते हायड्रेंजिया, आणि जूनमध्ये इथली हायड्रेंजिया अजून कळ्यांतच असते, त्यामुळे ती फुलवाल्याकडून विकत आणावी लागते. आकाश मोठं काढलं की खजिनदाराचा चेहरा पडतो. आमच्या चित्रातल्या टेकड्या मुळात लहान होत्या. त्या उंच कशा झाल्या ते आता लक्षात आलं असेल.

गावात एकेकाळी को-ऑपचं, म्हणजे सहकारी संस्थेचं, मोठं दुकान होतं, १८८७ सालचं, फाउंटनच्या समोरच. सगळं गाव तिथे खरेदी करायचं. पुढे त्याचं युथ हॉस्टेल झालं आणि पाठीवर पिशव्या घेतलेले लोक तिथे उतरू लागले. दुकान आहे अजून, दुसरीकडे, छोटं. पेपर, दूध, ब्रेड, पोस्टाची कामं, गावभरच्या बातम्या. बेकवेलला बस जाते, पण संध्याकाळनंतर बसचा भरवसा धरू नये. ज्याच्याकडे गाडी नाही त्याचा दिवस पाचला संपतो. मोबाइलची रेंज दरीत उतरलं की जाते.

आणि काही दारं वाजवून कुणी आलंच नाही. सुबक दगडी घर, गुलाब बहरलेला, दाराशेजारी किल्लीची आकड्यांची पेटी. म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याने द्यायचं घर. नॅशनल पार्कमधलं देखणं गाव, त्यामुळे बाहेरचे पैसेवाले घरं घेतात आणि इथे जन्मलेल्या पोरांना परवडत नाही. शेडमध्ये नजर फिरवली तर पिकल्या केसांची बहुसंख्या. यावर गावाने उपाय केला तो मला फार पटला. गावकऱ्यांचा एक लँड ट्रस्ट उभा राहिला आणि ग्रामीण गृहनिर्माण संस्थेबरोबर मिळून त्यांनी स्थानिकांसाठी परवडणाऱ्या भाड्याची आठ घरं बांधली. रस्त्याचं नाव हॅना बोमन वे. पाणी मागणाऱ्या बाईचं नाव पुतळ्याला न देता भाड्याच्या घरांच्या रस्त्याला दिलं. त्या रस्त्यावरच्या एका तरुण आईने मला परसातली अजमोदा कापून दिली, हिरव्या झुडपांसाठी. तिचा मुलगा आमच्या गटातला सर्वांत लहान सभासद. राखाडी दगडांसाठी भिंतींवरचं दगडफूल खरवडायचं काम त्याच्याकडे होतं.

पाकळ्या लावायला तीन-चार संध्याकाळी मिळतात, त्याहून आधी सुरू केलं तर शनिवारपर्यंत सगळं काळवंडतं. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्याचा पुरेपूर फायदा घेतात. सुरुवात नेहमी टिकाऊ मालाने: बोंडं, साल, दगडफूल, वाळलेल्या रूबार्बच्या बिया. नाजूक पाकळ्या शेवटी. पाकळी लावायची ती खालून वर, प्रत्येक पुढची पाकळी आधीच्या पाकळीवर थोडी चढवून, म्हणजे पाऊस आला तरी पाणी वरच्या वर ओघळून जातं. अंगठ्याने टोक मातीत दाबायचं, पाकळीचं पोट दाबायचं नाही, नाहीतर डाग पडतो. बटरकपची पाकळी चकचकीत आणि इतकी लहान की नखाएवढ्या जागेत दहा-बारा जातात. खजुराच्या झाडामागचं संध्याकाळचं पिवळं आकाश, जे मला कागदावर वीतभर वाटलं होतं, त्याने दोन संध्याकाळी खाल्ल्या. दाढीला मेंढीची लोकर. ती कुंपणाच्या काटेरी तारांवरून वेचून आणतात, धुतात, विंचरतात. कडेला फळी तिरकी टेकवलेली, आपण फळकुटावर बसलेले, कंबरेचं भजं झालेलं, आणि चहा मात्र सतत.

तिथे ऐकलेल्या गप्पा हा वेगळाच विषय. मॉस्टोनचं नाव मी पाण्यामुळे ओळखत होते. त्या रात्री कळलं की मॉस्टोनला शिशाची खाणही होती आणि १९३२ मध्ये तिच्यात स्फोट झाला. पाच खाणकामगार गेले आणि त्यांना काढायला आत उतरलेले तिघेही गेले. एकूण आठ माणसं. आजोबांनी हे सांगितलं तेव्हा ते नावांनी नाही, घरांनी सांगत होते: पोस्टाच्या पलीकडचं घर, चर्चच्या खालचं घर. हात कुणाचेच थांबले नाहीत, पण आवाज खाली आले.

शुक्रवारी दुपारी पावसाने शेडचं छप्पर गळायला लागलं, वीजही गेली, आणि आम्ही काही जणी वीज येईपर्यंत चर्चमध्ये जाऊन बसलो. ऑल सेंट्स चर्च गावाच्या मानाने दांडगं आहे. तिथला बाप्तिस्म्याचा दगडी हौद बाराव्या-तेराव्या शतकातला, त्याच्या कडेला एक छोटं जोडपात्र आणि ते तोंडात धरलेला सरपटणारा प्राणी. हा हौद मूळचा शेजारच्या एल्टन गावाचा. त्यांनी तो टाकून दिला, आमच्याकडे आला, आणि किंमत कळल्यावर एल्टनला शेवटी नक्कल करून घ्यावी लागली. ही गोष्ट आमच्या गावात अगदी चवीने सांगतात. माझी आवडती नोंद मात्र चर्चच्या सतराव्या शतकातल्या हिशेबांतली: प्रार्थना चालू असताना आत शिरलेली कुत्री चाबकाने हाकलण्याबद्दल एका माणसाला दिलेले पैसे. मीही हिशेबनीस. चारशे वर्षांपूर्वीचा हा खर्च कुठल्या सदरात टाकावा याचा मी तिथे बसून विचार केला. देखभाल, बहुतेक.

फळ्या उभ्या करतात त्या रात्री-पहाटे. ट्रेलरवर आडव्या घालून, मध्ये सुतळीभरही धक्का न लागता. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला शिवी. फाउंटनपाशी चौकट आधीच बांधलेली असते, दोर लावून, "थोडं तुझ्याकडे, नाही, तुझ्याकडे," असं करत फळी सरळ होते. आडवं असताना आम्ही ते इतके दिवस तुकड्यातुकड्यांनी बघत होतो. उभं राहिल्यावर पहिल्यांदा ते अख्खं दिसलं. आजोबांनी टॉर्च मारला तो थेट घड्यावर. "सांडत नाही," एवढंच म्हणाले.

शनिवारी पुढे व्हिकर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, मागे गावचा सिल्व्हर बँड, मागे गाव, अशी मिरवणूक एका नळावरून दुसऱ्या नळाकडे गेली. प्रत्येक ठिकाणी प्रार्थना, एक गाणं, पुढे. मला देवाचं त्यात फार काही कळलं नाही, पण पाण्याबद्दल आभार मानायला माझी ना नव्हती. आठवडाभर बाहेरगावचे लोक येतात, गाड्या वाटेल तशा लावतात, शेतांच्या फाटकापुढेही, आणि दुधाचा टँकर अडकला की दोन दिवस तेवढाच विषय. फाउंटनशेजारी नाण्यांचा डबा असतो. त्याच्याजवळ बसायची माझी पाळी आली तेव्हा मँचेस्टरहून आलेलं एक नागपूरकर जोडपं भेटलं. ताई म्हणाल्या, "अहो, ही बाई अगदी आपल्यासारखी उभी आहे बघा!" मी नुसतं हो म्हटलं, मग राहवेना म्हणून सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी डब्यात पाच पौंडाची नोट टाकली.

पाकळ्यांचं आयुष्य तेवढंच. मंगळवारपर्यंत निळं आकाश तपकिरी व्हायला लागलं. बटरकप मात्र शेवटपर्यंत टिकलं. पुढच्या शनिवारी फळ्या उतरवल्या. पाकळ्या आणि अजमोदा खताच्या ढिगात, बोंडं वेचून धुऊन पुन्हा डब्यात, माती खरवडून पिंपात आणि वर ओलं पोतं. खिळे वाकलेले सरळ करायचे, गंजलेले बदलायचे. ते चालू असतानाच पुढच्या वर्षीच्या विषयावरून वाद पेटला. शिक्षकांना नोहाचं जहाज हवंय. खजिनदारांचा सक्त विरोध, कारण जहाज म्हणजे समुद्र आणि समुद्र म्हणजे हायड्रेंजिया. शेजारच्या बाईंनी सुचवलं की पूर ओसरल्यानंतरचा प्रसंग घ्या, तिथे चिखल असतो, तपकिरी स्वस्त पडतं. माझं मत जहाजाच्या बाजूने होतं, पण बोंडं गोळा करायची जबाबदारी माझ्यावर पडली आणि मतदान नोव्हेंबरवर ढकललं.